कामोठे टाळून

तळवलीच्या एकवीरा मंडळाची पालखी दरवर्षी चैत्रात चालत कार्ल्याला जाते, आणि तिचा रस्ता धर्मराज ठरवतो. हा अधिकार त्याला कोणी दिला असं विचारलंत, तर गावात कोणाला नीट सांगता येणार नाही. फार वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, तुर्भ्याच्या त्या पुलाखालून पालखी नेऊ नका. लोकांनी नेली, पालखीचा कळस बांधकामाच्या सळईत अडकला, आणि तेव्हापासून रस्त्याचा विषय निघाला की सगळ्या माना धर्मराजकडे वळतात. पालखीची पुढची दांडीही त्याच्याच खांद्यावर असते. खांदा उतरला तरी तो दांडी सोडत नाही, एवढंच.

पण हे सांगणं त्याच्याबद्दल नाही. त्याच्या बायकोबद्दल आहे.

गोजरा लग्न होऊन तळवलीत आली तेव्हा दारासमोर भातशेती होती. आता तिथे एका कंपनीची पार्किंगची जागा आहे, आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर धर्मराजने बांधलेली चार मजली इमारत. खाली स्वतः राहतात, वर भाडेकरू. भाडेकरूंचं सगळं गोजरा बघते. तिचा एक गुण म्हणा की खोड म्हणा, ती भांडत नाही. वरच्या मजल्यावरची पोरं रात्री मोठ्याने गाणी लावायची. धर्मराज तीनदा जिना चढून ओरडून आला, काही फरक पडला नाही. गोजराने एक दिवस त्यांच्या मजल्याचा पाण्याचा व्हॉल्व बंद केला आणि बाजारात निघून गेली. परत आली तर पोरं जिन्यात बसलेली. त्यांना ती काही बोलली नाही, व्हॉल्व उघडला आणि आणलेले बोंबील साफ करायला बसली. पुढे कधी गाणी लागली नाहीत. तोंडाने वाद घालण्यात बायकांचा जन्म जातो आणि हाती काही लागत नाही, असं तिचं रोखठोक मत आहे, आणि ते तिने कोणाला बोलून दाखवलेलं नाही.

या मंडळाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पालखीचे मुक्काम अंतर मोजून पडत नाहीत. गावच्या लेकी जिथे दिलेल्या असतात तिथे पडतात. पालखी दारात आली म्हणजे माहेर दारात आलं. लेकीची सासू पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालते, लेक देवीची ओटी भरते, सगळं गाव तिच्याकडे जेवतं. गोजराची एकुलती एक लेक उन्नती कामोठ्यात दिली. कामोठे म्हणजे आता उंच इमारतींचं गाव, पण मधोमध जुनी वस्ती आहे, तिथे आपलीच माणसं. उन्नतीच्या लग्नापासून पहिल्या दिवसाचा मुक्काम कामोठ्याला पडू लागला. बेलापूर, खारघर करत संध्याकाळी पालखी पोचायची, आणि उन्नतीची सासू चांगुणाबाई घागर घेऊन दारात उभी असायची.

उन्नतीला मूल होत नव्हतं. सहा वर्षं वाशीच्या क्लिनिकच्या पायऱ्या झिजवून झाल्या. शेवटी एका मुक्कामाला, उन्नतीच्या दारात पालखी टेकवलेली असताना, गोजराने मनातल्या मनात नवस बोलला: पोर होऊ दे. ते वर्षाचं व्हायच्या आत याच उंबऱ्यावरून तुझ्या पायरीपर्यंत चालत येईन आणि पोराचं पहिलं जावळ तुझ्या दारात काढीन. उंबऱ्याचं कलम तिने उगाच घातलं. समोर उंबरा होता, म्हणून मनात आला. पालखी दरवर्षी तिथूनच निघते, त्यात अवघड ते काय, असं तिला वाटलं.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात मुलगी झाली. वीरा. श्रेय क्लिनिकने घेतलं, देवीने काही म्हटलं नाही.

आणि मग बारसं झालं. हॉल वातानुकूलित, माइकवर निवेदक, शाल-श्रीफळांचा ढीग. जेवणं सुरू असताना निवेदक एकेकाचं नाव पुकारत होता. आधी नगरसेवक, मग बिल्डर, मग क्लिनिकच्या डॉक्टरीणबाई, मग केटरर. आणि मग कोणीतरी कानात सांगितल्यावर, "अरे हो, मुलीचे आजोबा." धर्मराज तोपर्यंत ताटावरून उठला होता. कोणीतरी चांगुणाबाईला सांगितलं, व्याही उठले. ती गर्दीत होती, घाईत होती, म्हणाली, "उठला तं उठला, ताट काय पलून जातंय?" हे वाक्य कामोठ्याहून तळवलीला पोचायला जेमतेम अर्धा तास लागला.

त्या दिवसापासून धर्मराजने कामोठ्यात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. गोजरानेही टाकू नये, हे त्याने सांगितलं नाही, पण घरात वारा तसाच होता. उन्नती आणि ती सीवूड्सच्या मॉलमध्ये भेटायच्या. सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर बसून गोजरा नातीला मांडीवर घ्यायची, तिच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि तिथेच तिचा जीव कासावीस व्हायचा. ते मऊ जावळ वाढत होतं आणि वर्ष सरत आलं होतं.

फाल्गुनात मंदिरात मंडळाची मीटिंग झाली. बायका मागे बसल्या होत्या. धर्मराज घसा खाकरून म्हणाला, "या वर्षी आपुन कर्जतवरनं जाव."

तळवलीहून कार्ल्याला कर्जतवरून जाता येतं, त्यात चूक काही नाही. महापेला डावीकडे वळायचं, शिळफाटा गाठायचा, बदलापूर, नेरळ, कर्जत करत खोपोलीला यायचं. फक्त सरळ पनवेलवरून खोपोली गाठता येत असताना असं कोणी करत नाही.

"काका, मॅपवर बघा ना," मितेश म्हणाला. हा धर्मराजचा पुतण्या, मंडळाची सगळी धावपळ तो करतो. "बराच लांब पडतंय. एक मुक्काम वाढतो."

"वाढू दे. तिकरं सावली हाय, डोंगार हाय. हायवेला ट्रकांचा धूर खात जायाचा तं देवीला तरी बरा वाटतंय क?"

"पन मुक्कामाला आपल्या पोरी कुठं हायत तिकडं?"

"शालंत उतरू," धर्मराज म्हणाला.

मुद्दा सगळ्यांना कळला होता. एक कामोठे टाळायला हा माणूस अख्खा कर्जत तालुका पायाखाली घालणार होता. पण ते बोलून दाखवणार कोण? कोणी सावलीचं कौतुक केलं, कोणी डोंगराचं. ठराव मंजूर झाला.

गोजराने त्याच दुपारी धर्मराजला नवस सांगितला. आजवर कोणाला सांगितला नव्हता, उन्नतीलाही नाही. तो जेवत होता.

"कवा बोललीस?"

"पोर व्हयाच्या आधी."

"उंबऱ्याचा कशाला बोललीस? नुसता चालत येन बोलायचा."

"बोललंय ते बोललंय."

धर्मराजने भात चिवडला. मग म्हणाला, "देवीला सगला समजतंय. तिला माजा अपमान बी समजतंय." आणि ताट संपवून उठला. विषय संपला असं त्याला वाटलं, कारण गोजरा पुढे काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईचं गप्प बसणं काय असतं, हे त्याला कळायला हवं होतं.

गोजरा गावच्या भगताकडे गेली. गंगाराम भगत म्हातारा, कानाने कमी, पण नवसाच्या बाबतीत पक्का. त्याने ऐकून घेतलं आणि तोड सुचवली: उंबऱ्याची चिमूटभर माती आणून पदराला बांध आणि पालखीसोबत कर्जतवरून चाल, नवस फिटेल.

"माती कुठनं आनू?" गोजरा म्हणाली. "उंबरा गिरनाइटचा हाय."

भगताने विचार केला. ग्रॅनाइटबद्दल जुन्या लोकांनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. "मंग तुजा तू बघ," तो म्हणाला.

तिने बघितलं. म्हणजे फार काही केलं नाही. पिशवीत एक लुगडं जास्तीचं टाकलं, टाचांना लावायला खोबरेल तेल घेतलं, भाकऱ्या बांधल्या. उन्नतीला फोन करावासा वाटला, केला नाही. कळवलं असतं तर पोरगी घाबरली असती, नवऱ्याला सांगितलं असतं, त्याने गाडी घेऊन यायचा हट्ट धरला असता. आणि गाडीत बसणं शक्य नव्हतं. पालखी गावातून उठली की पालखीचं माणूस वाहनात बसत नाही. बसलं की चाल मोडली, मग कितीही पुढे आलेलं असो, पहिल्यापासून चालायला लागतं.

पालखी सकाळी उठली. पिवळे टी-शर्ट, वाजवणाऱ्यांचा बेंजो, पुढे पाण्याचा टेम्पो. धर्मराज पुढच्या दांडीला, कपाळभर भंडारा. बायका मागे गाणी म्हणत. ठाणे-बेलापूर रस्त्याने घणसोली मागे टाकून पालखी महापेच्या चौकात आली आणि मितेशने गाड्या थोपवून डावीकडे वळायचा इशारा केला. पालखी वळली. बेंजो वळला. बायका वळल्या. गोजरा सरळ चालत राहिली.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग वळलेल्या बायकांतून बायजाबाई ओरडली, "गो गोजरा! तिकरं कुठं चाललीस?"

धर्मराजने मान वळवली. दांडी खांद्यावर असताना वळता येतं तेवढीच. चौकात गाड्या हॉर्न देत होत्या, पालखी मधोमध थांबवता येत नव्हती आणि सोडताही येत नव्हती. "आगो!" तो ओरडला. एवढंच ओरडला.

गोजराने मागे वळून पालखीला हात जोडले. मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि कोपरखैरण्याच्या दिशेने चालायला लागली.

एकटं चालणं वेगळं असतं हे तिला पावणे गावाच्या पुढे समजलं. पालखीत असताना रस्ता दिसतच नाही, पुढच्याची पाठ दिसते. आता सगळं दिसत होतं. कंपन्यांची फाटकं, फाटकाशी चहा पिणारे कामगार, उड्डाणपुलाखाली भाजी मांडून बसलेल्या बायका. तुर्भ्याला एका भाजीवालीने विचारलं, मावशी, कुठं निघाला उन्हाच्या? "कार्ल्याला," गोजरा म्हणाली. ती बाई हसली, तिला खोटं वाटलं, पण दोन काकड्या दिल्या. नेरूळला हायवेच्या कडेला एका झाडाखाली तिने भाकरी खाल्ली. तेव्हा मात्र तिला रडू आलं. नवऱ्याचा राग येत होता आणि त्याच्या खांद्यावर दुपारच्या उन्हात कपडा कोणी ओला करून ठेवला असेल का, हीही काळजी वाटत होती. दोन्ही एकदम वाटत होतं आणि दोन्ही खरं होतं. तिने डोळे पुसले, टाचांना तेल चोळलं आणि उठली.

बेलापूरनंतर पाय बोलायला लागले. खारघरचा चढ-उतार तर दरवर्षीचा ओळखीचा, पण दरवर्षी तिथे गाणी असतात. या वेळी नव्हती. तिने एकटीनेच म्हणायचा प्रयत्न केला. दुसऱ्या कडव्याला उत्तर द्यायला कोणी नाही म्हटल्यावर तेही तीच म्हणाली.

दिवेलागणीला ती कामोठ्याच्या गल्लीत शिरली. उन्नतीच्या घरासमोर सडा टाकलेला होता, रांगोळी होती, आणि ओट्यावर भरलेली घागर. पालखी कर्जतवरून जाणार हे कामोठ्याला कळलं नव्हतं असं नाही. चांगुणाबाईनेच ते मानलं नव्हतं. असं कसं जातील, ती दिवसभर म्हणत होती, सून माजी तलवलीची हाय. दुपारनंतर तिचं म्हणणं बंद झालं, पण घागर तिने आत नेली नाही.

ती बाहेर आली. गोजराच्या मागे बघितलं. गल्ली रिकामी होती.

"एकटीच?"

"एकटीच."

गोजराने तिथेच उभ्याउभ्या नवस सांगितला, थोडक्यात, जसा कंडक्टरला थांबा सांगावा. आजची रात ठेव, सकाळी उंबऱ्यावरनं निघेन. चांगुणाबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिने घागर उचलली आणि गोजराच्या पायांवर पाणी ओतलं.

"आगो, माज्या पायांवं नको," गोजरा पाय मागे घेत म्हणाली. "ते पालखीवाल्यांचा मान हाय."

"आमच्या दारान जी चालत आयली तीच पालखी," चांगुणाबाई म्हणाली, आणि खाली बसून तिने गोजराचे सुजलेले पाय हातात घेतले. "त्या दिवशी माजी जीब घसरली, विहीनबाय. मी येनार व्हतू सांगायला. मंग वाटला, त्यांनी तरी कशाला नाय यावं. असा करता करता वरीस गेला."

आतून उन्नती पोर कडेवर घेऊन धावत आली आणि आईला बघून दारातच रडायला लागली. पोर दोघींकडे बघून हसत होती.

जेवणं झाल्यावर धर्मराजचा फोन आला.

"कुठं हायस?"

"उन्नतीकरं."

"पाय?"

"हायत."

फोनवर पालखीच्या मुक्कामाचा गलका ऐकू येत होता. शाळेच्या पटांगणात कोणीतरी भांडी आपटत होतं. "बायका गानी बोलत नाय," धर्मराज म्हणाला. "तू सुरू करतंस तवा बोलतात." मग त्याने फोन ठेवला.

सकाळी उजाडताना ती निघाली. उन्नती पोरीला घेऊन पालखी पोचेल त्या दिवशी गाडीने कार्ल्याला येणार होती. गोजराने उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं, डोकं टेकलं, उजवं पाऊल बाहेर टाकलं आणि मागे न बघता गल्लीच्या तोंडाशी आली. तिथे मंडळाचा पाण्याचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हरच्या शेजारून धर्मराज खाली उतरला.

"पालखी?" तिच्या तोंडून पहिलं तेच निघालं.

"चालली हाय बरोबर. दांडी मितेशच्या खांद्यावं हाय."

धर्मराजने चालती दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर दिली, हे गोजराने आजवर ऐकलं नव्हतं. तिने टेम्पोकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"गारीत बसलाव?"

"बसलू."

"मंग तुमची चाल मोडली."

"मोडली. ठावं हाय मना." त्याने खांद्यावरचा कपडा काढून उगाच झटकला. "आता पयल्यापासून चालायला लागल."

"मंग जावा तलवलीला," गोजरा म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ते ती दाखवत नव्हती. "थांबतंय मी पनवेलला."

धर्मराज गल्लीकडे बघत राहिला. लांब नव्हती ती. चार घरं, एक किराणा दुकान, पुढे उन्नतीचं दार.

"नवस पोरीचा ना?"

"पोरीचा."

"पोर माजी बी हाय," तो म्हणाला, आणि गल्लीत शिरला.

चांगुणाबाई ओटा धूत होती. तो येताना दिसला तशी ती झाडू हातात धरून बाजूला झाली. धर्मराज दाराशी गेला, वाकला, उंबऱ्याला दोन्ही हात लावून कपाळाला नेले, आणि वळून उंबऱ्याला पाठ करून उभा राहिला. आता तिथून त्याची चाल सुरू होणार होती. आतून पोरीचं बोबडं ओरडणं ऐकू आलं. तो वळला नाही. वळला असता तर निघणं झालं नसतं.

"चहा ठेवू?" चांगुणाबाईने विचारलं.

"येताना," तो म्हणाला.

कार्ल्याहून परत येताना मंडळाच्या गाड्या थेट तळवलीला थांबतात. कामोठ्यात कधी वळत नाहीत. हे चांगुणाबाईला माहीत होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गोजरालाही.

"येताना किती मानसं?" चांगुणाबाईने विचारलं.

"सगली," धर्मराज म्हणाला, आणि चालायला लागला.